पडद्यामागच्या मैत्रीवर लिहायचंय? आधी मानधनाचे आकडे काढा

विज्ञानकथा मालिकांमधल्या नटनट्यांच्या मैत्रीवर दिवाळी अंकासाठी लेख लिहायचा असेल किंवा वाचनालयात तासभर बोलायचं असेल, तर कामाचा क्रम आधी ठरवून घ्या. पहिल्यांदा पैसे बघायचे, मग कामाची वाटणी, आणि कोण कुणाविषयी काय बोललं ते सगळ्यात शेवटी. बहुतेक लेख नेमके उलट्या टोकापासून सुरू होतात. गळ्यात हात टाकलेला फोटो, ‘आमचं एक कुटुंबच होतं’ हे वाक्य, आणि मग तिसऱ्या परिच्छेदापासून लिहायला काही उरत नाही.

माझी सगळी नोकरी साखर कारखान्याच्या टाइम ऑफिसात गेली. हजेरी लावायची, पगारपत्रक करायचं, कायम कामगारांची यादी वेगळी, हंगामींची वेगळी. गव्हाणीवर शेजारी उभी राहणारी, एकमेकांच्या डब्यातलं खाणारी दोन माणसं दोन वेगळ्या याद्यांत असतात, आणि ऊस संपला की त्यातल्या एकाला घरी बसावं लागतं. टीव्ही मालिकेचा संच तसाच असतो. त्यांची मैत्री खोटी नसते, पण कोण कुठल्या यादीत आहे हे कळल्याशिवाय ती समजत नाही. दूरदर्शनवर रविवारी सकाळी ‘स्टार ट्रेक’ लागायची तेव्हापासून मला या माणसांचं वेड आहे. निवृत्तीनंतर त्यांच्याबद्दल वाचायला सवड मिळाली, तेव्हा मी याच सवयीनं वाचत गेले. मला जी पद्धत उपयोगी पडली ती इथं सांगते.

मालिका एकच घ्या

चार मालिकांचे किस्से एकत्र करू नका. एक निवडा आणि तिचा तळ गाठा. सुरुवातीला १९६६ची मूळ ‘स्टार ट्रेक’ घ्यावी असं माझं स्पष्ट मत आहे. ८ सप्टेंबर १९६६ ते ३ जून १९६९, एनबीसी वाहिनी, तीन पर्वं, ७९ भाग. एवढा पसारा एका माणसाला पेलतो. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. विल्यम शॅटनर, लेनर्ड निमॉय, निशेल निकोल्स, जॉर्ज टकेई, जेम्स डूहान आणि वॉल्टर केनिग या सहाही जणांनी आठवणींची पुस्तकं लिहिली. म्हणजे एकाच प्रसंगाच्या सहा बाजू सापडू शकतात. सातवा डिफॉरेस्ट केली. डॉक्टर मॅककॉयचं काम करणारा हा गृहस्थ मितभाषी, त्याच्याबद्दल बाकीच्यांच्या पुस्तकांतून गोळा करावं लागतं.

आता एक मोठा कागद घ्या. ताव मिळाला तर उत्तम. डावीकडे सात नावं लिहा आणि पुढे तीन रकाने आखा: मालिकेआधी, मालिकेत, मालिकेनंतर. मैत्रीसाठी रकाना ठेवू नका. ती या तिघांच्या मधल्या रेषांत दिसायला लागते.

पहिला रकाना भरताना घाई करू नका. शॅटनर मॉन्ट्रियलचा, जन्म २२ मार्च १९३१. निमॉय बॉस्टनचा, जन्म २६ मार्च १९३१. चार दिवसांचं अंतर, दोघंही ज्यू कुटुंबातले. शॅटनरनं मॅकगिल विद्यापीठातून वाणिज्य शाखेची पदवी घेतली, मग कॅनडातल्या स्ट्रॅटफर्डला शेक्सपिअरची नाटकं केली. निमॉयचे वडील न्हाव्याचं दुकान चालवत. पोरगा हॉलिवूडला आला आणि पंधराएक वर्षं मिळेल ती छोटी भूमिका करत राहिला. १९६४ साली ‘द मॅन फ्रॉम अंकल’ या हेरकथा मालिकेच्या एका भागात दोघं एकत्र दिसतात. ‘स्टार ट्रेक’ तेव्हा अजून उभी राहायची होती. ही नोंद कागदावर जरूर करा, कारण त्यांची ओळख मालिकेतल्या अंतराळयानातच झाली असं सगळे धरून चालतात.

डूहान कॅनडाच्या सैन्यातून ६ जून १९४४ला नॉर्मंडीच्या जूनो किनाऱ्यावर उतरला होता. त्या रात्री गोळ्या लागून त्याच्या उजव्या हाताचं मधलं बोट गेलं. पुढे अभियंता स्कॉटीचं काम करताना तो हात कॅमेऱ्यापासून सांभाळून ठेवायचा. टकेई लॉस एंजलिसचा, जन्म १९३७. दुसऱ्या महायुद्धात जपानी वंशाच्या अमेरिकन कुटुंबांना छावण्यांत कोंडलं, त्यात त्याचं कुटुंब होतं. आधी आर्कान्सामधली रोवर छावणी, मग कॅलिफोर्नियातली टूली लेक. निशेल निकोल्स जॅझ संगीतकार ड्यूक एलिंग्टनच्या वाद्यवृंदाबरोबर गायलेली. केली बरीच वर्षं वेस्टर्नपटांत बंदूकवाल्यांची कामं करून दमलेला. केनिग तर दुसऱ्या पर्वात आला.

एवढं लिहून झालं की कागदाकडे नुसतं बघा. सेटवर कुणाचं कुणाशी जमलं असेल, कुणाला काय लागत असेल, याचे धागे आपोआप दिसतात. छावणीतून आलेल्या पोराला आणि गोऱ्यांच्या वाहिनीवर उभ्या राहिलेल्या कृष्णवर्णीय गायिकेला एकमेकांचं काही फार समजावून सांगावं लागत नाही.

नावांची पाटी आणि आकडे

दुसरा रकाना भरण्यासाठी मालिका लावा, पण कथा बघू नका. सुरुवातीची नावं बघा. पहिल्या पर्वात सुरुवातीच्या पाटीवर दोनच कलाकार आहेत: शॅटनर आणि निमॉय. केलीचं नाव दुसऱ्या पर्वापासून तिथं आलं. निशेल, टकेई, डूहान, केनिग यांची नावं भागाच्या शेवटी. प्रेक्षकाच्या मनात मात्र ‘स्टार ट्रेकचे सात जण’ असं एकच चित्र असतं.

आता पैसे. पहिल्या पर्वात शॅटनरला भागामागे ५,००० डॉलर होते, निमॉयला १,२५०. मालिका सुरू झाल्यावर निमॉयच्या नावानं चाहत्यांची पत्रं पोत्यांनी यायला लागली. मग दुसऱ्या पर्वाआधी त्यानं वाढ मागितली. तणातणी इतकी झाली की स्पॉक या त्याच्या भूमिकेसाठी दुसरा कोण घेता येईल याची यादी निर्मात्यांनी करून ठेवली होती. अखेर २,५०० डॉलरवर मिटलं. निशेलच्या आठवणींत आहे की तिला कायम कराराऐवजी दिवसाच्या हिशोबानं बोलावलं जायचं.

हे आकडे समोर असले की १९६७ सालचा एक पत्रव्यवहार वेगळाच दिसतो. मालिकेचा निर्माता जीन रॉडनबेरी यानं विज्ञानकथालेखक आयझॅक असिमोव्हकडे सल्ला मागितला. नायक आहे कर्क, म्हणजे शॅटनर, पण लोक वेडे झालेत स्पॉकसाठी, मग कर्कला पुढे कसं आणायचं? असिमोव्हनं सुचवलं, दोघांना एकत्र संकटांत घाला, एकमेकांचे जीव वाचवू द्या, म्हणजे लोक एकाचं नाव घेताना दुसऱ्याचं घेतील. पडद्यावरच्या ज्या दोस्तीसाठी आपण आजही त्या दोघांवर जीव टाकतो, ती घट्ट करण्याचा हा सल्ला पडद्यामागच्या चढाओढीवरचा उपाय म्हणून दिला गेला होता. मला यात फसवणूक दिसत नाही. दोन अवघडलेली माणसं आठवड्यात कितीतरी तास एकमेकांचा जीव वाचवण्याचं काम करतात. त्याचा परिणाम खऱ्या आयुष्यावर होत नसेल असं कोण म्हणेल?

किस्सा हातात आला की काय करायचं

प्रत्येक किश्शापुढे तीन गोष्टी लिहा. कुणी सांगितला, कोणत्या साली सांगितला, आणि त्या वेळी त्या माणसाचं काय चाललं होतं.

सायकलचा किस्सा घ्या. निमॉयनं सेटवरून कँटीनला जाण्यासाठी सायकल ठेवली होती. शॅटनर ती लपवायचा, साखळीनं बांधायचा, एकदा तर दोरानं स्टुडिओच्या छताशी चढवून ठेवली. मेळाव्यांत हा किस्सा दोघं इतक्या रंगानं सांगायचे की सभागृह हसून लोटपोट व्हायचं. तुम्ही लेखात एवढंच लिहिलंत तर ते गंमतजंमत सदर होईल. सायकल का लागत होती ते विचारा. जेवणाची सुट्टी छोटी, कँटीनला रांग, आणि स्पॉकचे कान-भुवया लावलेल्या माणसाला रंगभूषा सांभाळत जेवून परत यायचं. सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन मेकअपच्या खुर्चीत बसणाराही तोच. सायकल ही त्याची गरज होती. त्या वेळी त्याला ही मस्करी मुळीच आवडली नव्हती. तिचं हसू झालं ते पुढे, दोघांचं बस्तान बसल्यावर. दोन्ही लिहा.

एका साक्षीदाराचा प्रसंग असेल तर तसं स्पष्ट म्हणा. निशेलनं आयुष्यभर सांगितलेली एक हकीकत आहे. पहिल्या पर्वानंतर तिनं मालिका सोडायचं ठरवून रॉडनबेरीला तसं कळवलंही होतं. लगेचच एका समारंभात तिची डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांच्याशी गाठ पडली. ते मालिकेचे चाहते निघाले. ती सोडून चालली आहे हे ऐकून त्यांनी तिला थांबायला सांगितलं. कृष्णवर्णीय बाई यानाच्या मुख्य कक्षात अधिकारी म्हणून बसलेली देशभर दिसते आहे, ती जागा रिकामी करू नकोस, असा त्यांच्या बोलण्याचा आशय. ती थांबली. ही हकीकत आपल्याला तिच्याच तोंडून कळते. तेव्हा ‘निशेल सांगायची’ असं लिहा. तेवढ्यानं तिचं वजन कमी होत नाही, कारण पुढचं काम कागदोपत्री आहे. १९७७ पासून तिनं नासासाठी देशभर फिरून स्त्रिया आणि अल्पसंख्याक तरुणांना अंतराळवीर होण्यासाठी अर्ज करायला सांगितलं. १९७८च्या तुकडीत ३५ जण निवडले गेले, त्यात ६ स्त्रिया, ३ कृष्णवर्णीय पुरुष आणि १ आशियाई वंशाचा होता. सॅली राइड आणि गायन ब्लूफर्ड हे त्याच तुकडीतले, दोघंही १९८३ मध्ये अंतराळात गेले. एका नटीच्या कारकिर्दीच्या रकान्यात मला याहून मोठी ओळ सापडलेली नाही.

मालिका बंद पडल्यानंतरची वर्षं

तिसऱ्या रकान्यावर सगळ्यात जास्त वेळ द्या. खरी मैत्री काम नसताना कळते, आणि १९६९ नंतर या मंडळींना काम नव्हतं.

मालिका बंद झाली, पण पुनःप्रसारण गावोगावच्या वाहिन्यांवर रोज चालू राहिलं. त्या काळच्या करारांत पुनःप्रसारणाचं मानधन ठरावीक फेऱ्यांपुरतंच मिळायचं. म्हणजे चेहरा रोज घराघरांत, आणि त्याबद्दल पैसा शून्य. घटस्फोट झालेला शॅटनर त्या सुमारास ट्रकवर बसवलेल्या छोट्या खोलीत राहून नाटकाचे दौरे करत होता. कर्क म्हणून सगळे ओळखतात आणि म्हणूनच दुसरं काम कुणी देत नाही, हे दुखणं सातही जणांचं. निमॉयला लगेच ‘मिशन: इम्पॉसिबल’मध्ये दोन पर्वं मिळाली, तो त्यातल्या त्यात सुटला.

जानेवारी १९७२ मध्ये न्यूयॉर्कला चाहत्यांचा पहिला मोठा मेळावा भरला. काही शे लोक येतील असं वाटलं होतं, हजारो आले. तिथून या कलाकारांना उत्पन्नाचा नवा मार्ग मिळाला. लेख लिहिणाऱ्यानं हे लक्षात ठेवावं: मेळाव्यात व्यासपीठावर बसलेला नट त्या वेळी कामावर असतो. तिथले किस्से खोटे नसतात, पण घासून गुळगुळीत झालेले असतात. शक्य असेल तिथं त्याच किश्शाची सर्वांत जुनी मुलाखत शोधा. टेलिव्हिजन अकादमी फाउंडेशननं निमॉय, निशेल अशा अनेकांच्या दीर्घ मुलाखती चित्रित करून ठेवल्या आहेत. त्या शांतपणे ऐका. टाळ्या नसल्या की माणसं वेगळं बोलतात.

आणि आता तो प्रसंग, ज्याच्यासाठी मी हा सगळा खटाटोप करायला सांगते आहे. १९७३ साली फिल्मेशन कंपनीनं ‘स्टार ट्रेक’ची ॲनिमेशन मालिका काढायचं ठरवलं. आवाजाचंच काम. खर्च वाचवण्यासाठी बेत असा होता की डूहान आणि मूळ मालिकेतली नर्स मॅजेल बॅरेट हे दोघं स्वतःच्या भूमिका सांभाळून बाकीच्यांचेही आवाज काढतील. निशेल आणि टकेई नकोत. निमॉयला हे कळलं. त्यानं सांगितलं, ही दोघं नसतील तर मीही नाही. या मालिकेनं वेगवेगळ्या वंशांची माणसं एकत्र काम करताना दाखवली, आणि काटकसर करताना नेमकी तीच दोघं वगळायची, हे त्याला मान्य नव्हतं. स्पॉकशिवाय मालिका होणं शक्य नव्हतं. दोघांना काम मिळालं.

टाइम ऑफिसात बसल्यामुळे मला याची किंमत कळते. वरच्या यादीतला माणूस खालच्या यादीतल्यांसाठी स्वतःची हजेरी पणाला लावतो, हे फार क्वचित घडतं. निमॉय स्वभावानं काही सगळ्यांत मिसळणारा नव्हता. सेटवर तो स्पॉकमध्येच राहायचा, जेवतानाही फारसा बोलायचा नाही, दारूचं व्यसन त्याला कित्येक वर्षं होतं आणि ते त्यानं पुढे स्वतः उघड सांगितलं. पाठीवर थाप मारणारा दोस्त म्हणून त्याला कुणी आठवणार नाही. पण १९७३ मध्ये त्यानं काय केलं हे निशेल आणि टकेई पुढे कित्येक वर्षं सांगत राहिले.

इथेच न थांबता कोण राहिलं तेही बघा. केनिगचं काम वाचलं नाही, खर्चात बसत नाही म्हणून त्याचं पात्र चेकोव्ह वगळलं गेलं. त्याला त्या मालिकेचा एक भाग लिहायला मिळाला, म्हणजे संचातला तो पहिला लेखक ठरला. पण नट म्हणून तो बाहेरच राहिला. चांगल्या गोष्टीची हद्द कुठं संपली हे लिहिलं की वाचकाचा तुमच्यावर विश्वास बसतो.

ग्रेस ली व्हिटनीची नोंद वेगळ्या काळजीनं करा. यानातली ही यौमन, म्हणजे कप्तानाची मदतनीस, रँड पहिल्याच पर्वात मोजक्या भागांनंतर काढली गेली. मालिकेशी संबंधित एका अधिकाऱ्यानं आपल्यावर लैंगिक अत्याचार केला, असं तिनं १९९८च्या आत्मकथनात लिहिलं, आणि त्याचं नाव दिलं नाही. तिनं दिलं नाही ते आपण शोधायचं नाही, सुचवायचंही नाही. पुढे व्यसनात बुडालेली आणि बेकारभत्त्याच्या रांगेत उभी असलेली ही बाई केलीला दिसली. लोक तुझी आठवण काढतात, मेळाव्यांना ये, असं त्यानं तिला सांगितलं. ती आली, पुढे १९७९च्या चित्रपटात तिला कामही मिळालं. केलीनं पुस्तक लिहिलं नाही असं वर म्हटलं, त्याचं मोठेपण असं दुसऱ्यांच्या पानांत सापडतं.

करारानं बांधलेले दोन मित्र

चित्रपटांचा काळ आला तेव्हा शॅटनर आणि निमॉय यांच्या करारांत एक कलम होतं: एकाला जे मिळेल ते दुसऱ्याला मिळालं पाहिजे. १,२५० आणि ५,०००च्या त्या जुन्या फरकानंतर हे कलम वाचताना मला फार बरं वाटतं. त्याचे परिणाम बघा. निमॉयनं १९८४ चा तिसरा आणि १९८६ चा चौथा चित्रपट दिग्दर्शित केला, म्हणून १९८९ चा पाचवा शॅटनरकडे गेला. चौथा खूप चालला, पाचवा पडला. निमॉयची दिग्दर्शक म्हणून वाट आधीच मोकळी झाली होती, १९८७ चा ‘थ्री मेन अँड अ बेबी’ त्याचाच. शॅटनरची दुसरी भरारी टीव्हीवरच आली, वयाच्या सत्तरीनंतर वकिलाच्या भूमिकेसाठी २००४ आणि २००५ साली एमी पुरस्कार. निमॉयनं १९७५ साली पुस्तकाला नाव दिलं ‘मी स्पॉक नाही’, आणि वीस वर्षांनी दुसऱ्याला ‘मी स्पॉक आहे’. कारकिर्दीचा हा प्रवास दोन मुखपृष्ठांत मांडता येतो, लेखात ती शेजारी छापा.

भांडणं लपवू नका, पण त्यांची चव घेऊ नका. १९९३ च्या सुमारास शॅटनर आपल्या आठवणींसाठी जुन्या सहकाऱ्यांना भेटायला गेला. निशेलची मुलाखत संपवून तो उठायला लागला, तेव्हा तिनं त्याला थांबवलं आणि बाकीच्यांना त्याचा राग का आहे हे तोंडावर ऐकवलं. इतरांचे संवाद कापले जायचे, दृश्यं त्याच्याकडे वळायची. डूहाननं तर भेट द्यायलाच नकार दिला. शॅटनरनं हे स्वतःच्या पुस्तकात छापलं, हेही त्याच्या खात्यावर लिहा. २००८ मध्ये टकेईचं लग्न झालं, त्यात केनिग बेस्ट मॅन होता आणि निशेल दुसऱ्या बाजूला मानानं उभी होती. शॅटनर म्हणाला, मला बोलावलं नाही. टकेई आणि त्याचे पती म्हणाले, निमंत्रण पाठवलं होतं. इथं निकाल देऊ नका. दोन्ही वाक्यं शेजारी ठेवा आणि पुढे चला.

१९९९ मध्ये शॅटनरच्या पत्नीचा घरच्या पोहण्याच्या तलावात बुडून मृत्यू झाला. दारूनं माणसाचं काय होतं हे निमॉयला आतून माहीत होतं. तिला सावरण्यासाठी त्यानं आधीच प्रयत्न केले होते, आणि नंतर तो मित्राजवळ राहिला. तरी शेवटची काही वर्षं निमॉयनं शॅटनरशी बोलणं बंद केलं. २७ फेब्रुवारी २०१५ला तो गेला. रेड क्रॉसच्या निधीसंकलनासाठी शॅटनर फ्लोरिडात होता, अंत्यविधीला त्याच्या मुली गेल्या. २०१६ च्या पुस्तकात शॅटनरनं लिहिलं की अबोल्याचं कारण आपल्याला नीट कळलंच नाही. तेवढंच लिहा. अमुक माहितीपटामुळे झालं असेल, तमुक मेळाव्यात झालं असेल, असे तर्क तुम्हाला ढिगानं मिळतील. पन्नास वर्षांचा मित्र सांगतो मला माहीत नाही, तर लेखकानं त्याच्यापेक्षा जास्त माहिती असल्यासारखं वागू नये.

ताडून पाहायला दुसरी मालिका

पहिला लेख पक्का झाला की ताडून पाहण्यासाठी ‘बॅबिलॉन ५’ घ्या. १९९४ ते १९९८, पाच पर्वं. केनिगला तिथं बेस्टर नावाची पाताळयंत्री भूमिका मिळाली, आणि चेकोव्हच्या दोन-दोन ओळींत अडकलेला नट किती मोठा होता ते दिसलं. पण मी सांगते आहे ते मायकेल ओ’हेअरबद्दल. पहिल्या पर्वाचा हा नायक अचानक बाजूला झाला. चाहत्यांमध्ये कित्येक वर्षं अफवा चालल्या: मतभेद, हकालपट्टी, वाहिनीचा दबाव. २०१२ मध्ये तो वारला, आणि २०१३ मध्ये मालिकेचा कर्ता जे. मायकेल स्ट्रॅझिन्स्कीनं एका मेळाव्यात खरी हकीकत सांगितली. पहिल्या पर्वाचं चित्रीकरण चालू असताना ओ’हेअरला गंभीर मानसिक आजारानं गाठलं होतं. चित्रीकरण काही महिने थांबवू, तू उपचार घे, असं स्ट्रॅझिन्स्कीनं सुचवलं. ओ’हेअरनं नकार दिला, कारण थांबलं तर मालिका बंद पडेल आणि बाकीच्यांची कामं जातील. त्यानं तशा अवस्थेत पर्व पुरं केलं. नंतर बरं वाटल्यावर तिसऱ्या पर्वात येऊन आपल्या पात्राची कथाही पुरी करून दिली. हे कुणाला कळू देणार नाही, असा शब्द स्ट्रॅझिन्स्कीनं दिला होता. ओ’हेअरचं म्हणणं पडलं, मी असेपर्यंत सांगू नकोस, मग सांग, कुणाला तरी उपयोग होईल. शब्द पाळला गेला.

मैत्रीवर लिहिताना गप्प राहिलेल्या माणसालाही जागा द्यायची, ती अशी. इतकी वर्षं अफवा अंगावर घेणं हे स्ट्रॅझिन्स्कीचं काम कुठल्याच समूहछायाचित्रात दिसत नाही.

आपल्या श्रोत्यांसमोर

मराठी सभागृहात बोलणार असाल तर पर्सिस खंबाटाला विसरू नका. मुंबईची पारशी मुलगी, १९६५ ची मिस इंडिया, ख्वाजा अहमद अब्बास यांच्या १९६७ च्या हिंदी चित्रपटात काम केलेली. ‘स्टार ट्रेक’ नव्यानं मालिका म्हणून सुरू करायचं घाटत होतं तेव्हा तिची निवड झाली. मालिकेचा बेत बारगळला, त्याचा १९७९ चा चित्रपट झाला, आणि तिची इलिया ही भूमिका त्यात आली. भूमिकेसाठी तिनं डोक्यावरचे सगळे केस काढले. १९८० साली ऑस्कर सोहळ्यात पुरस्कार द्यायला व्यासपीठावर गेलेली ती पहिली भारतीय. पुढे ती मुंबईला परतली, १९९७ मध्ये मिस इंडिया विजेत्यांवर पुस्तक काढलं, आणि १९९८ मध्ये अवघ्या ४९व्या वर्षी गेली. सात जणांच्या कागदावर तिच्यासाठी आठवी ओळ आखा. रकाना लहान असेल, तरी एका चित्रपटापुरत्या आलेल्या माणसाला तयार कुटुंबात काय जागा मिळते हा प्रश्न तिच्यामुळे विचारता येतो.

भाषणासोबत एकच भाग दाखवायचा असेल तर १५ सप्टेंबर १९६७ चा, दुसऱ्या पर्वाचा पहिला भाग दाखवा. स्पॉक लग्नासाठी मायदेशी जातो तो. त्यात प्रेक्षकांना केनिग पहिल्यांदा दिसला, केलीचं नाव पहिल्यांदा सुरुवातीच्या पाटीवर आलं, आणि बोटं मधोमध फाकवून केलेला तो प्रसिद्ध नमस्कारही पहिल्यांदा दिसला. लहानपणी सिनेगॉगमध्ये धर्मगुरू आशीर्वाद देताना पाहिलेली ती खूण निमॉयनं सेटवर आणली होती. सुरुवातीची पाटी संपली की भाग थांबवा आणि किती नावं आली ते श्रोत्यांना विचारा. मग शेवटची नावं दाखवा, तिथं टकेई, निशेल आणि केनिग कुठं आहेत ते बोटानं दाखवा, आणि १९७३ ची गोष्ट तिथंच सांगा. पंधरा मिनिटं पुरतात. प्रश्नांसाठी मात्र अर्धा तास राखून ठेवा, कारण शॅटनरच्या बाजूनं बोलणारे एक-दोघं सभागृहात हमखास असतात, आणि त्यांचंही ऐकून घेण्यासारखं असतं.